क्वार्ट्झसाइट : वाळवंटातील हिवाळी वस्ती आणि उन्हाचा हिशेब

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याच्या पश्चिम टोकाला, कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत, क्वार्ट्झसाइट नावाचे एक लहानसे गाव आहे. पूर्व-पश्चिम जाणारा इंटरस्टेट १० आणि दक्षिणोत्तर जाणारा ९५ क्रमांकाचा महामार्ग यांच्या छेदावर ते वसले आहे. २०२० च्या जनगणनेत येथील लोकसंख्या अडीच हजारांच्या आतच भरली. जुलै महिन्यात एखादा प्रवासी येथून गेला, तर त्याला दोन-चार पेट्रोल पंप, बंद दुकानांच्या रांगा आणि ४५ अंशांच्या वर तापलेली खडकाळ जमीन एवढेच दिसेल. कोणी येथे मुद्दाम थांबेल असे त्याला मुळीच वाटणार नाही.

तोच प्रवासी जानेवारीत आला, तर मात्र त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसणार नाही. क्षितिजापर्यंत पांढऱ्या गाड्यांचा तळ पसरलेला असतो. या साध्या मोटारी नव्हेत. चाकांवरची घरेच ती. स्वयंपाकघर, निजण्याची खोली, स्नानगृह, फ्रिज, गॅसची शेगडी असे सगळे एका गाडीत मावलेले. अमेरिकेत यांना आरव्ही म्हणतात. उत्तरेकडील बर्फाळ राज्यांतून आणि कॅनडातून हजारो निवृत्त जोडपी थंडी चुकवण्यासाठी अशा गाड्या घेऊन दक्षिणेला उतरतात. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवरून त्यांना ‘स्नोबर्ड’ हे लाडके नाव पडले आहे.

या लोकांना येथे आणते ती स्वस्ताई आणि मोकळी जागा. गावाच्या दक्षिणेस सरकारी मालकीची सुमारे ११,४०० एकर वाळवंटी जमीन आहे. तिला ला पोसा म्हणतात. केंद्र सरकारच्या भूमी व्यवस्थापन विभागाने १९८३ मध्ये दीर्घ मुक्कामाची जी योजना सुरू केली, तिच्यात ही जमीन येते. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या सात महिन्यांच्या हंगामाचा परवाना अलीकडच्या वर्षांत १८० डॉलरला आणि १४ दिवसांचा ४० डॉलरला मिळत आला आहे. खासगी छावणीत एवढ्या पैशांत फार दिवस निघत नाहीत. त्या परवान्यात पिण्याचे पाणी, कचऱ्याची सोय आणि सांडपाणी टाकण्याची जागा मिळते. वीज मात्र मिळत नाही. अशा रीतीने बाहेरच्या कोणत्याही जोडणीविना राहण्याला अमेरिकन लोक ‘बूनडॉकिंग’ म्हणतात. हा शब्द फिलिपिन्समधील तागालोग भाषेतला. त्याचे मूळ ‘बुन्डोक’, म्हणजे डोंगर. सैनिकांबरोबर तो अमेरिकेत आला आणि आता निवृत्त लोकांच्या तोंडी रुळला आहे.

परदेशातून आलेले आणखी एक नाव या गावच्या स्मशानभूमीत कोरलेले आहे. १८५६ च्या सुमारास अमेरिकन सैन्याने वाळवंटातील वाहतुकीसाठी उंट आणवले, त्यांच्याबरोबर हाजी अली नावाचा एक उंटवान आला. स्थानिकांनी त्याच्या नावाचे ‘हाय जॉली’ करून टाकले. उंटांचा प्रयोग फसला, पण हाजी अली तेथेच राहिला. १९०२ मध्ये तो वारला, आणि १९३५ मध्ये राज्याच्या महामार्ग खात्याने त्याच्या समाधीवर दगडी पिरॅमिड बांधून वर धातूचा उंट बसवला. पाण्याचा साठा जपून वापरत वाळवंट ओलांडणाऱ्या त्या माणसाच्या समाधीभोवती आज विजेचा साठा जपून वापरणारी माणसे तळ देतात.

या तळावर सकाळी कोणत्याही दोन शेजाऱ्यांच्या खुर्च्यांजवळ क्षणभर थांबावे. गप्पा हवामानाच्या किंवा नातवंडांच्या असतील असे वाटते, पण बहुधा त्या बॅटरीच्या निघतात. काल रात्री व्होल्टेज किती उतरले, सकाळी किती वाजता चढू लागले, गाडीचे तोंड कोणत्या दिशेला आहे, पॅनेलवरची धूळ कधी पुसली. आपल्याकडे ज्या आस्थेने पावसाची चौकशी होते, त्याच आस्थेने येथे अँपिअरची चौकशी होते.

तिचे कारण रात्रीत आहे. वाळवंट दिवसा उबदार असले तरी जानेवारीच्या पहाटे पारा तीन-चार अंशांवर येतो. गाडीतील हीटर गॅसवर चालतो खरा, पण त्याची गरम हवा ढकलणारा पंखा बॅटरीवर चालतो. बॅटरी संपली की टाकीत गॅस असूनही हीटर बंद पडतो. वृद्ध माणसांपैकी अनेकांना झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असतो. त्यांच्या उशाशी रात्रभर हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र चालू असावे लागते. कोणाचे इन्शुलिन फ्रिजमध्ये असते. आणि रात्री १० ते सकाळी ६ हा शांततेचा काळ असल्यामुळे पहाटे तीन वाजता जनरेटर सुरू करून शेजाऱ्यांची झोप मोडता येत नाही. दिवसा उन्हाने जे साठवले, त्यावरच रात्र काढायची. म्हणून छतावरचे पॅनेल आणि आतली बॅटरी यांच्यामध्ये बसणारी पुस्तकाएवढी एक पेटी या वस्तीत फार महत्त्वाची ठरते. तिला सोलर चार्ज कंट्रोलर म्हणतात.

कंट्रोलरचे काम थोडक्यात मुनिमाचे आहे. उन्हाची आवक अनियमित असते. सकाळी कमी, दुपारी भरपूर, ढग आला की एकदम खाली. बॅटरीला मात्र ठराविक शिस्तीने, ठराविक दाबानेच भरणा लागतो. मुनीम मध्ये नसेल तर बॅटरी उकळेल, तिचे पाणी उडेल, प्लेटा खराब होतील. मुनीम कच्चा असेल तर आवक अर्धीच जमा होईल आणि बॅटरी हळूहळू उपाशी मरेल. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा, कारण तो महिनोन्महिने कळत नाही.

बाजारात या मुनिमाच्या दोन जाती मिळतात. पहिली पीडब्ल्यूएम. तिची रचना साधी असते. ती पॅनेलला सरळ बॅटरीशी जोडते आणि बॅटरी भरत आली की सेकंदाला अनेक वेळा तो जोड उघडझाप करून प्रवाह आवरते. दुसरी जात एमपीपीटी. ती पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देते, तेथे मिळणारी पूर्ण शक्ती घेते आणि बॅटरीला लागेल त्या व्होल्टेजवर रूपांतरित करून देते. रूपांतरात पाचएक टक्के घट धरावी. साधा पीडब्ल्यूएम तीस-चाळीस डॉलरांत मिळतो. चांगल्या एमपीपीटीसाठी दीडशे-दोनशे आणि मोठ्या क्षमतेचा असेल तर त्याहून अधिक मोजावे लागतात.

हा फरक किती मोलाचा, हे मात्र पॅनेल कोणते आहे यावर ठरते, आणि येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. ज्याला बारा व्होल्टचे पॅनेल म्हणतात त्यात ३६ सेल असतात. त्याचा कामाचा दाब १८ व्होल्टच्या आसपास असतो आणि १०० वॅटचे असे पॅनेल साधारण साडेपाच अँपिअर देते. पीडब्ल्यूएमवर ते बॅटरीच्या १३ व्होल्टवर ओढले जाते, तेव्हा हाती सत्तरएक वॅट येतात. एमपीपीटीवर नव्वदच्या आसपास मिळतील. पॅनेल तापले की त्याचा दाब उतरतो, त्यामुळे उन्हाळ्यात हा फायदा आणखी आटतो. थंड हवेत तो पंचवीस-तीस टक्के, कडक उन्हात पंधराच्या घरात, असे धरावे. छतावर अशी एक-दोनच पॅनेले असतील आणि गाडी उबदार प्रदेशातच फिरणार असेल, तर महाग कंट्रोलरवर पैसे घालण्यापेक्षा त्याच पैशांत आणखी एक पॅनेल घेतलेले बरे.

गोष्ट पालटते ती घरांच्या छतांवर बसणाऱ्या मोठ्या पॅनेलांच्या बाबतीत. ही ६० सेलची असतात आणि फार मोठ्या संख्येने तयार होत असल्यामुळे प्रत्येक वॅटमागे ती स्वस्त पडतात. घरावरून काढलेली जुनी तर आणखी स्वस्त मिळतात. साहजिकच काटकसरी माणूस त्यांच्याकडे वळतो. पण ३०० वॅटच्या अशा पॅनेलचा कामाचा दाब ३२ व्होल्टच्या आसपास असतो आणि प्रवाह सव्वानऊ-साडेनऊ अँपिअर. त्याला पीडब्ल्यूएम लावला की साडेनऊ अँपिअर गुणिले तेरा व्होल्ट, म्हणजे जेमतेम सव्वाशे वॅट हाती येतात. बाकीचे पावणेदोनशे वॅट कधी जमेलाच येत नाहीत. स्वस्त पॅनेल आणि स्वस्त कंट्रोलर या दोन्ही खरेद्या वेगवेगळ्या पाहिल्या तर शहाणपणाच्या असतात; एकत्र केल्या की निम्म्याहून अधिक माल वाटेतच सांडतो. व्यापारात वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको, की दोन सौद्यांचा नफा वेगवेगळा न मोजता एका वहीत मांडावा.

येथे बाजारातील एका जुन्या दुखण्याचाही उल्लेख करायला हवा. कागदी वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘एमपीपीटी’ छापलेले आणि आत साधा पीडब्ल्यूएम बसवलेले स्वस्त कंट्रोलर सर्रास विकले जातात. मापात पाप फक्त तराजूतच होते असे नाही. खऱ्या एमपीपीटीत तांब्याच्या तारेची जड कॉइल असते, म्हणून तो हाताला वजनदार लागतो. त्याच्या माहितीपत्रकात पॅनेलच्या बाजूचा कमाल दाब स्पष्ट दिलेला असतो. पण खात्रीची परीक्षा वेगळीच आहे, आणि क्वार्ट्झसाइटचे जुने जाणते ती करून दाखवतात. बॅटरी पूर्ण भरलेली नसताना, स्वच्छ उन्हात, तारेला वेढणारा चिमटा-मीटर आधी पॅनेलकडून येणाऱ्या तारेवर आणि मग बॅटरीकडे जाणाऱ्या तारेवर लावायचा. खरा एमपीपीटी असेल तर बाहेर जाणारे अँपिअर आत येणाऱ्यांपेक्षा जास्त भरतात, कारण दाब उतरवून त्याने प्रवाह वाढवलेला असतो. दोन्ही आकडे सारखे आले, तर पैसे नावाचे दिले आणि माल दुसराच आला असे समजावे.

आता एका जोडप्याचा संपूर्ण दिवस मांडून पाहू. बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला सुमारे ५० अँपिअर-तास घेतो. हीटरचा पंखा आठ अँपिअर घेतो आणि थंडीच्या रात्री थांबून थांबून चार तास तरी चालतो, म्हणजे ३२ झाले. सीपॅप यंत्र पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर तासाला दोन, आठ तासांचे १६. दिवे, पाण्याचा पंप, फोन, गॅसगळती सांगणारा भोंगा यांचे मिळून १२. एकूण ११० अँपिअर-तास, म्हणजे १,३२० वॅट-तास. सीपॅपचे पाणी गरम करण्याचा भाग चालू ठेवला तर हा आकडा बराच वर जातो, आणि मग तो रोजच्या खर्चातच धरावा लागतो. आजारी माणसाच्या गरजेत काटकसर करून चालत नाही.

जमेची बाजू उन्हाची. क्वार्ट्झसाइट जवळजवळ ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून अवघा ३३ अंश वर येतो. आकाश निरभ्र असते, ऊन झगझगीत दिसते, म्हणून पाहुण्याला वाटते की विजेला तोटा नसावा. पण छतावर सपाट निजलेल्या पॅनेलवर ते ऊन तिरपे पडते आणि पूर्ण तेजाच्या जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक हाती लागते. दिवसभराची गोळाबेरीज केली तर डिसेंबरात सपाट पॅनेलला सुमारे तीन तासांचे पूर्ण ऊन मिळते. तेच पॅनेल दक्षिणेकडे चांगले तिरपे उभे केले तर पाच तासांच्या आसपास मिळते.

तारा, उष्णता, धूळ यांची घट सोडून एमपीपीटीसह पाऊण भाग वीज हाती येते असे धरले, तर वरचा खर्च भागवण्यासाठी सपाट पॅनेले सुमारे ५९० वॅटची लागतील आणि तिरपी केली तर ३५० वॅटचीच. ३६ सेलची पॅनेले आणि पीडब्ल्यूएम घेतला तर हेच आकडे सपाटसाठी ७३० आणि तिरप्यासाठी ४४० वॅटच्या घरात जातात. म्हणजे तिरपे केलेले साधे पॅनेल साध्या कंट्रोलरवरही सपाट निजलेल्या पॅनेलला आणि महाग कंट्रोलरला मागे टाकते. दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हे सहसा कोणी सांगत नाही, कारण पॅनेल तिरपे करायला लागणाऱ्या लोखंडी पट्ट्यांत फारसा नफा नसतो. हिवाळ्यात ला पोसाच्या तळावर हिंडताना कितीतरी गाड्यांच्या छतांवर पुस्तक अर्धे उघडून ठेवावे तशी उभी केलेली पॅनेले दिसतात, ती याच हिशेबाची. काही जण पॅनेले जमिनीवरच मांडतात आणि दुपारी दोनदा उठून त्यांचे तोंड फिरवतात. छतावर चढण्याचे वय सरलेल्यांना तेच सोयीचे आहे.

मग एमपीपीटी घ्यावाच की नाही? सातत्याने वर्षभर फिरणाऱ्या, मोठी पॅनेले बसवणाऱ्या किंवा थंड प्रदेशात जाणाऱ्या माणसाने तो घ्यावा. त्याचे आणखी एक मोठे कारण तारांमध्ये दडलेले आहे. छतापासून बॅटरीपर्यंतची वाट लांब असते. सव्वापाच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेने सहा मीटर अंतर धरले, तर जाऊन-येऊन बारा मीटर होतात. तीतून २० अँपिअर वाहिले की पाऊण व्होल्टहून अधिक दाब तारेतच खर्च होतो. बारा व्होल्टच्या जगात पाऊण व्होल्ट म्हणजे फार मोठी रक्कम. कंट्रोलर छताजवळच्या कपाटात बसवला असेल तर त्याला वाटते की आपण १४.४ व्होल्ट दिले. बॅटरीपर्यंत पोहोचतात १३.६. वही जुळते आणि तिजोरी रिकामी राहते. उलट एमपीपीटी बॅटरीच्या शेजारी बसवून पॅनेले एकामागे एक जोडली, तर छतावरून खाली ६४ व्होल्टवर नऊ अँपिअर उतरतात आणि त्याच तारेत अर्धा टक्काच घट येते. कोणत्याही प्रकारचा कंट्रोलर असो, त्याची जागा बॅटरीच्या जवळ, आणि दोघांमधली तार आखूड व जाड असावी. बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामध्ये फ्यूज हवाच. भरलेली बॅटरी तारेला आग लावायला पुरेशी असते.

पॅनेले एकामागे एक जोडताना एक धोका असतो, आणि तो थंडीत उघड होतो. तापल्यावर पॅनेलचा दाब उतरतो, तसा गारठल्यावर चढतो. वर सांगितलेल्या मोठ्या पॅनेलचा उघडा दाब, म्हणजे काही जोडलेले नसतानाचा दाब, ४० व्होल्टच्या जवळ असतो. दोन जोडली की ८०. कंट्रोलरवर १०० व्होल्टची मर्यादा लिहिलेली असेल तर माणूस निश्चिंत होतो. क्वार्ट्झसाइटच्या पहाटेत हा दाब ८८ पर्यंत चढू शकतो, तरीही चालते. हीच गाडी उणे वीस अंशांच्या कोलोराडोतील पहाटेत उभी राहिली तर आकडा ९४ च्या पुढे जातो. तेथेही निभावते, पण काठावर. कोणी उत्साहाने तिसरे पॅनेल त्याच रांगेत जोडले, तर कंट्रोलर त्याच क्षणी जळतो. अँपिअरची मर्यादा थोडी ओलांडली तर चांगला कंट्रोलर स्वतःला आवरून घेतो. व्होल्टची मर्यादा ओलांडल्याला मात्र क्षमा नाही. म्हणून खरेदी करताना व्होल्टचा आकडा आधी पाहावा. अँपिअरचा हिशेब सोपा आहे : पॅनेलांचे एकूण वॅट भागिले बॅटरीचे व्होल्ट. ६०० वॅटला बारा व्होल्टच्या बॅटरीवर ५० अँपिअर. बॅटरीसंच २४ व्होल्टचा असेल तर निम्मे.

राहिली बॅटरी. खरे तर निवड तिच्यापासूनच सुरू व्हायला हवी, पण बहुतेक लोक शेवटी तिच्याकडे येतात. जुनी माणसे अजूनही गोल्फच्या गाड्यांत वापरतात त्या सहा व्होल्टच्या शिसे-आम्लाच्या दोन बॅटऱ्या जोडून बारा व्होल्ट करतात. अशा जोडीची क्षमता सुमारे २२० अँपिअर-तास असते, पण निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे वापरायला ११०, वरच्या जोडप्याचा बरोबर एका दिवसाचा खर्च. प्रशांत महासागराकडून हिवाळी ढग आले आणि दोन दिवस सूर्य दिसला नाही, तर दुसऱ्या रात्री काय होईल हे वेगळे सांगायला नको. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून ऐंशी टक्के सहज वापरता येतात. तिचे भावही गेल्या काही वर्षांत खूप उतरले आहेत.

या दोन्ही बॅटऱ्यांच्या सवयी निरनिराळ्या आहेत आणि कंट्रोलरला त्या शिकवाव्या लागतात. शिसे-आम्लाची बॅटरी जेवायला बसली की पहिले चार घास भराभर घेते आणि उरलेले हळूहळू, तासन्‌तास. शेवटचे पंधरा-वीस टक्के भरायला तिला १४.४ ते १४.८ व्होल्टचा दाब कित्येक तास लागतो. हिवाळ्यातील आखूड दिवसात तेवढा वेळ मिळाला नाही, किंवा स्वस्त कंट्रोलरने घाईने पाने उचलली, तर प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक थर बसतात आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. गारठ्यात तिला अधिक दाब लागतो, उकाड्यात कमी. म्हणून बॅटरीला चिकटवण्याचा तापमापक असलेला कंट्रोलर घ्यावा. मधूनमधून साडेपंधरा व्होल्टच्या जवळ नेऊन तिची साफसफाई करावी लागते. लिथियमला यातले काही नको. ती भराभर जेवते, पोट भरले की थांबते. साफसफाईचा तो उंच दाब तिला घातक आहे आणि तापमानानुसार दाब बदलणेही बंद ठेवावे लागते. शून्य अंशाखाली मात्र तिला भरणा देऊ नये; आतली रचना कायमची बिघडते. चांगल्या लिथियम बॅटरीत स्वतःचा रक्षक असतो आणि तो गारठ्यात भरणा तोडतो. म्हणून जुन्या बॅटऱ्या काढून लिथियम बसवणाऱ्याने जुना कंट्रोलर तसाच ठेवण्याआधी त्यात नव्या बॅटरीसाठी वेगळी मांडणी करता येते का, हे तपासावे. फक्त तीन ठराविक बटणे असलेल्या जुन्या पेटीत बहुधा ती येत नाही.

हे सारे ज्ञान क्वार्ट्झसाइटला कोणत्याही शाळेत मिळत नाही. जानेवारीत तेथे मोठ्या तंबूत फिरत्या घरांच्या सामानाचे प्रदर्शन भरते. गावात सौर सामानाची दुकाने आहेत आणि ती हंगामात गजबजलेली असतात. प्रदर्शनातील विक्रेता आठवड्याभराने निघून जातो. गावातला दुकानदार सात महिने तेथेच असतो आणि बिघडलेला माल घेऊन गिऱ्हाईक त्याच्याच दारात येते. भावातील वीस-पंचवीस डॉलरांच्या फरकापेक्षा याचे मोल अधिक आहे. शेजारधर्माची मदतही मोठी असते. एखाद्या नवख्याने आपल्या छताकडे पाहत डोके खाजवले, की पाच मिनिटांत दोन-तीन पांढऱ्या केसांची डोकी शिडीभोवती जमतात. सल्ला एकमुखी असतो असे मात्र नाही.

या वस्तीचा जन्म मुळात विजेसाठी झालेलाच नव्हता. १९६७ मध्ये गावकऱ्यांच्या एका संस्थेने दगड-रत्नांचे प्रदर्शन सुरू केले. छंदाने दगड गोळा करणारी माणसे गाड्या घेऊन येऊ लागली आणि त्यांच्या मागोमाग बाकीचा बाजार आला. आजही जानेवारीत येथे उघड्यावर टेबले मांडून दगडांचा व्यापार चालतो. त्यानंतर पुष्कळसे व्यापारी साडेतीन-चार तासांच्या वाटेवरील ट्यूसॉनला जातात, कारण फेब्रुवारीत तेथे जगातील एक मोठा रत्नबाजार भरतो. जयपूरच्या जोहरी घराण्यांना ती वाट चांगली ठाऊक आहे. आणि दख्खनच्या काळ्या पाषाणातील मालालाही तेथे मान आहे. जळगाव, नाशिक, पुणे या भागांतील दगडखाणींत सुरुंगाने फुटलेल्या पोकळ्यांतून निघणारे हिरवे-पांढरे ॲपोफिलाइट, गुलाबी छटेचे स्टिलबाइट आणि वाघोलीचा गडद निळा कॅव्हन्साइट ट्यूसॉनच्या टेबलांवर कापसात मांडलेले असतात. पुण्याजवळची जी खडी रस्त्यावर पडते, तिच्याच पोटातला स्फटिक सातासमुद्रापलीकडे डॉलरात विकला जातो.

मार्च सरत आला की ऊन चढते आणि ला पोसाचा तळ विरळ होऊ लागतो. काही जण गाडी उत्तरेला नेतात. काही ती गावातच एखाद्या बंदिस्त आवारात उभी ठेवून विमानाने घरी परततात आणि ऑक्टोबरात पुन्हा येतात. मागे राहणाऱ्या या गाड्यांसाठी जाण्याआधीचा अर्धा दिवस राखून ठेवावा लागतो. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांत शुद्ध पाणी काठोकाठ नव्हे पण खुणेपर्यंत भरून, पॅनेल आणि कंट्रोलर चालू ठेवून त्यांना हलक्या भरण्यावर सोडतात. उन्हाळ्यात एखादा ओळखीचा माणूस मध्येच येऊन पाणी पाहून जाईल अशी व्यवस्था करतात. लिथियम बॅटरी पूर्ण भरून उन्हात ठेवणे बरे नव्हे, म्हणून ती निम्म्याच्या आसपास आणून सर्व जोडण्या तोडतात. तोडताना आधी पॅनेलची तार काढायची आणि मग बॅटरीची. ऑक्टोबरात परत जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. कंट्रोलरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलेला असतो, कारण सहा महिन्यांनी तो कोणाच्याच ध्यानात राहत नाही.